पत्री

कोल्हापुरात रूळ संपतात.
शेवटच्या बफरपाशी लोखंड एकदम गप्प होतं,
पुढं रिक्षावाले, रसाचा गाडा,
आणि लांब घाट, ज्याच्या पलीकडं
आमच्या तारा कधी गेल्या नाहीत.
म्हणून मी उलट्या तोंडानं मोजतो:
गूळ मार्केट, वळिवडे, नदीवरचा पूल, रुकडी.
एवढंच माझं राज्य. आणि रिले रूम,
जिला दोन कुलपं,
एक मास्तरांचं, एक माझं.

बाबालाल नदाफ, माझा हेल्पर,
निवृत्तीला सात महिने राहिलेत,
नव्या पोरांना एकच गोष्ट शिकवतो:
रिले उचलायला वीज लागते,
पडायला काय लागत नाही.
तार तुटू दे, बॅटरी उतरू दे,
उंदरानं केबल खाऊ दे,
तो आपल्या वजनानं खाली येतो
आणि सिग्नल लाल.
"बिघडलं की लाल, बाळ.
ते काम आपण जमिनीकडं दिलंय.
ती रजेवर जात न्हाई."

जानेवारी. रात्रीचे दोन वाजून दहा.
मास्तरांचा फोन: वळिवड्याच्या अलीकडं गाडी उभी आहे.
कुठली गाडी?
गाडी नाहीच, पण पॅनेलवर आहे.
आणि खरीखुरी मालगाडी
रुकडीला ताटकळलीय.

आम्ही खडीवरून चालत गेलो.
बॅटरीच्या उजेडात फक्त पुढची चार पावलं.
कुठल्यातरी गुऱ्हाळावर काहील उतरत असावी,
गोड, जड वास अंगाला चिकटत होता.
पेटी उघडली, मीटर लावला.
इथं व्होल्ट आहेत.
इथं आहेत.
इथं नाहीत.

फाटकावरच्या शेवंता कांबळे शाल गुंडाळून बाहेर आल्या.
"दिस मावळल्यापासनं कारखान्याच्या गाड्या चालल्यात.
मगाशी एक बैल लंगडत गेला बघा."

मी गुडघ्यावर बसलो.
दोन रुळांच्या मधली फट, बोटाच्या पेरापेक्षा कमी,
दोघांनी एकमेकांना शिवू नये म्हणून ठेवलेली.
तिच्यावर आडवी पडली होती
बैलाच्या खुराची पत्री,
कानाच्या पाळीएवढी, एक खिळा अजून अडकलेला.
एवढ्याशा लोखंडानं
एक अख्खी गाडी उभी केली होती अंधारात,
डब्यांसकट, बिनप्रवाशांची.

उचलली. गरम वाटली, नसेलही.
पेटीपाशी वाकलेला बाबालाल म्हणाला, "आलं."
तिकडं रिले रूममध्ये टिक झालं असणार,
इथून ऐकू येत नाही, पण मला येतं.
आणि जी कधी आलीच नव्हती
ती गाडी निघून गेली.

फेल्युअर रजिस्टर: कारण, बाहेरची धातूची वस्तू.
वेळ, छपन्न मिनिटं.
बैलासाठी रकाना नाही.

परतताना बाबालाल पुढं.
डावा पाय तो खडीवर असा ठेवतो
जसं कुणी झोपलेलं पोर खाली ठेवावं.
मेडिकलच्या दिवशी दोन गोळ्या गिळून
डॉक्टरसमोर सरळ चालतो,
हे मला तीन वर्षांपासून ठाऊक आहे.
त्याला ठाऊक आहे की मला ठाऊक आहे.
सात महिने.

खिशात पत्री मीटरच्या वायरीवर घासत होती.
आत्ता तो बैल कारखान्याच्या आवारात
रांगेत उभा असेल, चौथा पाय जरा उचलून,
पुढची गाडी सरकायची वाट बघत.

"थंडी वाजतीया," मी म्हटलं,
"पिशवी दे इकडं, जरा अंग तापू दे."
बाबालाल थांबला. माझ्याकडं बघितलं नाही.
एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच
खांद्यावरनं पिशवी काढून
माझ्या हातात दिली.

मागं मालगाडीचा हॉर्न.
आम्ही रुळापासून बाजूला झालो,
नियमाप्रमाणं तोंड गाडीकडं करून उभे.
गार्डनं हिरवा दिवा हलवला.
बाबालालनंही हलवला,
सगळं ठीक म्हणून.