टोकन नंबर चौदा

माझ्या खिडकीला गज. आतल्या भिंतीवर फळा,
फळ्यावर चाळीस खिळे, खिळ्यांना पितळी टोकनं.
टोकन द्या, पाना न्या. पाना आणा, टोकन न्या.
एका टोकनावर एकच वस्तू.
सव्वीस वर्षं झाली, एवढंच माझं शास्त्र.

जिनिंगच्या पुढे, बाभळींच्या मागे आमची शाळा.
जुलैत अकरावीचं पोट्टं येतं तेव्हा
फाईल म्हणजे कागदाची, असंच त्याला वाटतं.
मी गजांतून कानशी सरकवतो: रफ, बास्टर्ड, स्मूथ.
मधल्या नावावर दरसाल हशा होतो.
दरसाल मी तो होऊ देतो.
दिवाळीपर्यंत तळहाताला घट्टे पडतात
आणि हसणं आपोआप कमी होतं.
ठमके सर गुण्या लावून जॉब उजेडाकडे धरतात:
"पाय बापा, या फटीतून बैलबंडी जाते."
सर काहीच न बोलता जॉब टेबलावर ठेवतील,
तो दिवस पोट्टे घरी सांगतात.

इलेक्ट्रिकलच्या मुली वेचणीच्या दिवसांत
बोंडांनी ओरखडलेली बोटं घेऊन येतात
आणि त्याच बोटांनी पंख्याच्या खाचांत
केसाएवढी तार बसवतात. तोंडातल्या तोंडात फेरे मोजत.
मध्ये कोणी हाक मारली तर आकडा सांडतो,
सगळं उकलून पुन्हा एकपासून.
रडायला वेळ नसतो, पाच दहाला खैरगावची गाडी.

अश्विना कुळमेथे त्यातलीच. टोकन चौदा.
मोटार रिवाइंडिंगमध्ये जिल्ह्यातून तिसरी आली.
स्नेहसंमेलनात तिचा सत्कार ठरला,
शाल आली, नारळ आला, पाहुणे दीड तास उशिरा आले,
आणि ते "विद्यार्थी मित्रहो" म्हणाले तोच लाईन गेली.

जनरेटर आमचा म्हातारा. त्या दिवशी त्याची
गव्हर्नरची स्प्रिंग तुटली. चालू झाला की बेफाम पळायचा,
सोडून दिला की धापा टाकत मरायचा.
ती खिडकीशी आली. टोकन आपटलं.
"दहा-अकराचा पाना द्या, लवकर."
पाना नेला, काहीतरी सैल केलं, काहीतरी आवळलं,
आणि मंग हातरुमाल गुंडाळून
ती दांडी धरून बसली मंडपामागे, धुरात.
माईक बोलू लागला. पाहुण्यांना वाटलं, लाईन आली.

कौशल्याचं महत्त्व यावर ते चाळीस मिनिटं बोलले.
ती चाळीस मिनिटं दांडी धरून होती.
गौरव निखाडे म्हणाला, "दे, मी धरतो."
"तुले अंदाज नाही येणार," म्हणाली. हलली नाही.

मग नाव पुकारलं.
ते ऐकून तिची मान वळली असेल, हात जरासा ढिला पडला असेल;
दिवे पिवळे झाले,
माईकनं "अश्विना" म्हटलं आणि आडनाव गिळलं.
दिवे पुन्हा पांढरे.
दुसऱ्यांदा पुकारलं. तिसऱ्यांदा.
सूत्रसंचालक बाई म्हणाल्या, "विद्यार्थिनी गैरहजर आहे,"
हे वाक्य मात्र अगदी खणखणीत ऐकू गेलं.
शाल पुढच्या मुलाला गेली. नारळ कुठं गेला, माहीत नाही.
प्रमाणपत्र ठमके सरांनी माझ्याकडे आणून ठेवलं,
व्हर्नियरच्या पेटीखाली, कोपरे दुमडू नयेत म्हणून.

दुसऱ्या दिवशी सकाळीच ती गजांशी उभी.
तळहातावर फोड, रुमालाच्या विणीसकट उमटलेला.
"काका, पियानो वायर असंन का? स्प्रिंग वळतो.
दरसाल कोण धरून बसंन?"
मी म्हटलं, "आधी तुझं प्रमाणपत्र तं ने."
ती फळ्याकडे पाहून हसली.
चौदा नंबर खिळ्यालाच होता.
"पाना अजून जनरेटरपाशीच हाये, काका.
एका टोकनावर एकच वस्तू ना?"

मी तार काढून दिली. वीतभर जास्तच.
रजिस्टरात लिहिलं: तार, एक नग, जनरेटरकरिता.
घेणाऱ्याची सही, या रकान्यात
तिनं पूर्ण नाव लिहिलं. आडनावासकट.