पाठवणी

दिवाडीच्या सिमितेरात मातीचा करार तीन वर्षांचा.
मग फोंड उघडायचा, हाडं धुवायची,
पांढऱ्या फडक्यात बांधून भिंतीच्या कोनाड्यात ठेवायची
आणि जागा पुढच्याला द्यायची.
रुझार चाळीस वर्षं हेच करतो.

शुक्रवारी रात्री कुणी म्हातारा गेला, सोमवारी पुरायचा.
पाळी क्वितेरियाच्या जागेची होती.
शनिवारी रुझारने स्वतःच्या बायकोला वर काढलं.
मला एवढंच म्हणाला, मास्तर, फणी तशीच आहे.
मोडका दातसुद्धा तसाच मोडका.

रविवारी पहाटे, रात्रीच्या मिसेच्या मेणबत्त्या
अजून पायऱ्यांवर थिजलेल्या,
तो फोंडाच्या काठावर पाय सोडून बसला होता.
मांडीवर पदेराच्या गरम पोया.

"रिकामा फोंड म्हणजे चमत्कार नव्हे," तो म्हणाला,
"मी दोनशे अकरा रिकामे केलेत.
पाद्री दर वर्षी सरकवलेल्या धोंड्यावर बोलतो.
मला दिसतं ते घडी घातलेलं फडकं.
मरणातून उठून, एवढ्या काळोखात,
घडी कोण घालतं, सांगा?
पळणारा टाकून जातो.
घडी घालतो तो कामावर निघालेला."

मी नार्व्याचा. एकतीस वर्षं या बेटावर मराठी शिकवली,
त्यामुळे शब्दांशी माझं भांडण जुनं.
म्हटलं, रुझार, उठल्यावर त्याने त्या रडणाऱ्या बाईला
बिलगूसुद्धा दिलं नाही. म्हणाला, जा.
तो 'जा' आमच्याकडे गलबतांतून आला,
एका हातात फर्मान, एका हातात मशाल.
आमचा देव रातोरात ही नदी ओलांडून गेला.
अजून आमच्या घरात ती रात्र
हळू आवाजात सांगतात.

तो नाही म्हणाला नाही. माफीही मागितली नाही.
पोई मोडली, अर्धी मला दिली.
नदीकडून चिखलाचा वास येत होता.
बऱ्याच वेळाने म्हणाला,
"त्यांनी 'जा' तेवढं ऐकलं.
'सांग' ऐकलंच नाही.
बायांनी नीट ऐकलं होतं,
तर पुरुष म्हणाले, काहीतरी बडबडतात."

मग मीच चूक केली, वर्गातली सवय:
प्रेषित म्हणजे पाठवलेला, प्रेषण म्हणजे पाठवणं,
घरगुती बोलीत म्हणायचं तर
पाठवणी.

त्याचा घास हातातच राहिला.

आस्सुंता. नार्व्याच्या एका सुताराबरोबर गेली
त्याला सोळा वर्षं झाली.
तिची पाठवणी झाली नाही, दार लागलं.
आईच्या मयताला ती फेरीबोटीत उभी राहिली,
बेटावर उतरली नाही.
बापाने धक्क्याकडे पाहिलं
आणि कुदळ उचलली.

रुझार उठला.
गुडघे कडकडले.
पुनरुत्थानाला असा आवाज असतो
हे मला कुठल्याच व्याकरणात सापडलं नव्हतं.

खिशातून फणी काढली, फडक्यात ठेवली, घडी घातली,
उरलेल्या पोया सदऱ्यात धरल्या.
वाटेत बोलत राहिला, माझ्याशी की कुणाशी कोण जाणे:
किनाऱ्यावर त्याने आधी निखारे पेटवले,
मासे भाजले, या, खाऊन घ्या म्हणाला.
रात्री कोण पळालं, कोण ओळख विसरलं,
ते जेवणानंतर.
आधी न्याहारी. आधी न्याहारी.

फेरीच्या फळीवर पाऊल ठेवून वळला:
"मास्तर, तिला सांगू काय?"
एकतीस वर्षांची भाषा माझ्या तोंडात होती.
एक वाक्य निघालं नाही.
फळी वर गेली.
ज्या पाण्यावरून देव गेला त्याच पाण्यावरून
एक थडगी खणणारा
कुणालाही काहीही न बनवायला निघाला.

मी परत सिमितेरात आलो.
फोंड तसाच, तळाशी थोडं पाणी झिरपलेलं,
त्यात आभाळाचा हातभर तुकडा.

दुपारच्या फेरीने तो आला नाही.
संध्याकाळच्याही नाही.
दव पडेल म्हणून
त्याची कुदळ मी पडवीत आणून ठेवली.