फर्द

ओहोटीला कारकून आला,
जोडे हातात, धोतर वर खोचून.
म्हणाला, घरटी एक असामी. वल्ह्यावर.
पावसाआधी परत.
गेल्या खेपेचे अजून यायचेत.

होड्या आम्ही आदल्या रातीच बुडवल्या होत्या
दगड भरून, खाडीच्या पोटात.
गडी तिवरांत, गळ्याइतक्या चिखलात,
नाकाशी कुर्ल्या.

"नावं सांगा."
आवडू खवळीण पुढे झाली, हाताला सुंगटांचा वास,
आणि मोठ्याने, पलीकडच्या काठाला जाईल अशी, म्हणाली,
लिव.
पागो धाकू. लुमा तांडेल.
अर्जू, नि त्याचो झील. बारा वर्सांचो.
मग एकेक बाई आपापलं नाव देत गेली.
रडलं कोणी नाही.
बोरू तेवढा कुरकुरत होता.

सतरा झाली. कारकुनानं शाईवर
आमचीच वाळू चिमटीनं टाकली.
"आता हजर करा."

"हजरच आसत," आवडू म्हणाली,
"तुमच्याच गलबतावर. तीन वर्सां झाली.
खंय ठेवलात, तां तुमी सांगा."

तो समुद्राकडे बघत राहिला.
पाणी चढू लागलं, जोड्यांपर्यंत आलं.
फर्द मात्र त्यानं फाडली नाही,
घडी घालून कमरेला खोचली.

पुढच्या उधाणाला शिबंदी आली, दोघांना नेलं.
हेही सांगायला हवं.

बाप म्हणायचा,
तिवरांत उभा होतो, दात वाजत होते,
तेवढ्यात लुमाचं नाव ऐकलं.
माझा थोरला. किती दिवसांनी कोणी हाक मारली त्याला.
ओ देणारच होतो.