कड

पहिलं वर्षभर त्यांनी मला सुई दिली नाही.
फक्त कागद.
चौघडी घालून, पुन्हा कोनात दुमडून
नक्षीच्या रेघेवर दाभणाने भोकं पाडायची,
मग उलगडून मांजरपाटावर पसरायचा
आणि वरून आपटत जायची कोळशाची पुरचुंडी.
कागद उचलला की खाली
मुंग्यांची रांग थबकावी तसं कमळ.

बाब झुवेलासमोरच्या त्या छपराखालच्या गल्लीत
सगळे पुरुषच शिवायचे.
भिंतीला पाठ, पायांची मांडी,
मांडीवर अख्ख्या तंबूचं ओझं.
उस्ता शहाता म्हणायचे,
ठिगळ लावणाऱ्याला भोक लपवायचं असतं.
आपण धड कापडावर कापड लावतो,
लपवायला काही नाही,
म्हणून चुकायलाही जागा नाही.
कड सुईच्या टोकाने आत वळव,
बोटभर पुढचीच, सगळी एकदम नको,
आणि टाका असा घे
की कापडालाही कळू नये
आपण कुठे धरलो गेलो.

मग छापील आलं.
तीच कमळं, तेच तारे, तीच लाल-निळी जाळी,
मीटरवर.
कुणीतरी टाकेसुद्धा छापले होते,
पांढरे, बारीक, एकही न चुकलेला.
गल्लीतली दुकानं एकेक करून
उशांच्या खोळींवर आली, टुरिस्टांसाठी.
उस्ता चिडले नाहीत. चहा ओतत म्हणाले,
आभाळ फाटलं असतं तर बसलो असतो शिवत.
हे तर कुणी आभाळच स्वस्तात काढलंय विकायला.

त्यांची बायको नगात गेली
तेव्हा मुलांनी भाड्याचा तंबू आणला.
छापील.
रस्ता अडवून उभा केला. सोनेरी खुर्च्या,
बिनसाखरेची कॉफी, तीन रात्री.
निम्म्या शहराच्या मयतीला ज्याने सावली शिवली
तो बसला होता न शिवलेल्या फुलांखाली.
लोक यायचे, हात हातात घ्यायचे,
बसायचे, उठायचे.
उस्तांचा दुसरा हात मागे कनातीवर,
अंगठ्याचं नख कड शोधत होतं.
कड नव्हतीच.

तिसऱ्या रात्री, खुर्च्या एकात एक रचून झाल्यावर,
मला म्हणाले, कातर आण.
आणली तोवर त्यांच्या मांडीवर नगातचा गाऊन होता,
ओट्यापाशी घालायचा, पिवळा,
म्हणजे कधीकाळी पिवळा,
काखेत उसवलेला, पोटावर ब्लीचचे डाग.
पाठीचं कापड बरं होतं.
तिथून एक पान कापलं त्यांनी,
न आखता.
मी मोबाइलचा टॉर्च धरला.
छापील पानावर नाही लावलं,
जरा शेजारी,
नक्षीत जिथे पान नव्हतं तिथे.
तीसेक टाके असतील. मी मोजायला लागलो होतो,
मग नाही मोजवले.
उजेड हलवू नकोस,
एवढंच म्हणाले.

सकाळी तंबूवाला आला,
घड्या केल्या, टेम्पोत टाकल्या, पावती फाडली, गेला.

त्यानंतर कनाती पाहत हिंडलो नाही, असं म्हणणार नाही.
लग्नं, निवडणुकीच्या सभा,
उसाच्या रसाच्या दुकानांची उद्घाटनं.
भाड्याच्या कापडाला घर नसतं,
आज रडणाऱ्यांचं, उद्या नाचणाऱ्यांचं.

चार वर्षांनी, इम्बाबात, कुणाच्या तरी मेहुण्याचं लग्न.
ढोल इतके की शेजारच्याचं ऐकू येईना.
खांबाजवळ एक लहान मुलगी
कनातीला नख लावून उभी.
काय करतेस, म्हटलं.
ओरडून म्हणाली, बाकीची निघत नाहीत,
हे एकच निघतंय.

वाकलो.
टोकाशी दोन टाके सुटले होते.
पिवळा आता जवळजवळ पांढरा.
कॉलरच्या मागे सुई होती, असतेच.
दोरा होता तो काळा.
चालेल.
तिला म्हटलं, जरा बाजूला हो बाळ,
उजेड येऊ दे.