रमण्यातली फेरी

रमण्याला आता फाटक नाही.
दोन खांब आहेत. डाव्यावर दगडी सिंह, नाक झिजलेला,
उजव्यावरचा गेला.
कुणी म्हणतं विहिरीत, कुणी म्हणतं धारवाडला.
मी डावा खांब शिवते, घड्याळ सुरू करते.
माघ. पाच चाळीस. तोंडातून वाफ.
मागं खानापूर अजून झोपलेलं,
एकच कौलांची भट्टी तेवढी धुमसतेय.

पहिला अर्धा किलोमीटर सरळ,
देसायांनी बग्गीसाठी आखून घेतलेला.
दुतर्फा सिल्व्हर ओक. एक आडवा पडलाय दोन वर्षं.
वरून उडी की वळसा
हे गुडघा ठरवतो.
आज वळसा.

मग तळं. पाणी तळाशी गेलंय,
कमळांचे देठ उघडे पडून वाकलेत.
काठाची माती लाल, मऊ,
तिच्यात कालचे माझेच ठसे, टाच बाहेर झुकलेली
(डॉक्टरीणबाई खरंच सांगत होत्या),
आणि डाव्या ठशाच्या बरोबर मधोमध
गव्याचा खूर.
कोण कुणाच्या मागं होतं
मी विचारत नाही. थोडी भरभर जाते.

जांभळींखाली अंधार अजून कालचाच.
तिथं डोळे कामाचे नाहीत,
मुळं तळव्यांना पाठ आहेत.

पुढं चढ.
इथं माझा खापरपणजा पळायचा.
लुमाण्णा. हाकाऱ्या.
रॉकेलचा डबा बडवत, अनवाणी, करवंदीच्या जाळ्यांतनं,
सांबर पुढं, तो मागं,
आणि वर माचाणावर देसाई आणि त्यांचा पाव्हणा गोरा साहेब
बंदूक मांडीवर घेऊन चहा पीत.
दिवसाला दोन शेर जोंधळे.
सांबर पडलं तर एक खूर.
तो खूर आमच्या दारामागं होता,
आई त्याला छत्री अडकवायची.

देसायांच्या वहीत शिंगांची लांबी आहे, इंचांत.
लुमाण्णा किती पळाला, कुठं पडला,
कितीदा काटा काढायला थांबला
त्याचा रकानाच नाही.
माझ्या मनगटावर सगळं आहे:
चढ, ठोके, वेग.
त्याचं माझ्यात काय उतरलं
हे मात्र घड्याळाला दिसत नाही.

वर बंगला. कुलूप.
पाटीवर एक भाषा आहे, दुसरीवर डांबर.
मी कधी थांबून वाचली नाही,
वळण कुठलं ते पायांना कळतं.

उतारावर, कुणी नाही बघून,
आज मी तोंड उघडलं आणि जमेल तशी घातली
हाकाऱ्याची आरोळी:
हो... हो... होऽऽ
आवाज फाटका निघाला.
बांबूत काहीतरी मोडलं.
शेकरू असेल. नसेलही.
पुढं कुणी नव्हतं पळणारं,
वर कुणी नव्हतं नेम धरणारं,
मग मी उगाचच हसले, धाप लागेस्तोवर.

खाली गुरसिद्धप्पा, राखणदार,
घोंगडीत, टोपीत चिंचोके घेऊन बसलेला.
माझी एक फेरी, एक चिंचोका.
त्याचं मराठी बाजारापुरतं,
माझं कन्नड बँकेच्या खिडकीपुरतं,
त्यामुळं आम्ही फार बोलत नाही.
आज आरोळी ऐकून तो उठून उभा राहिलेला.
मला बघितलं, बसला,
म्हणाला, "सावकाश, अक्का. सावकाश."

हे त्यानं कुठल्या भाषेत म्हटलं
ते पुढच्या वळणापर्यंत मी ठरवत होते.
दोन्हीकडं शब्द तोच.

साडेचार किलोमीटर. बत्तीस मिनिटं, काही सेकंद.
उजव्या खांबावर, सिंहाच्या जागी,
माझी पाण्याची बाटली असते.