सातवी प्रत

नवी तबकडी आली. वेष्टनावर लिहिलंय,
मूळ निगेटिव्हवरून, एकेक चौकट धुऊनपुसून.
टिमोन म्हणतो, आई, आता नीट बघ.
मी चष्मा पुसते. तेवढंच माझ्या हातात.

आमची होती ती सातवी प्रत.
प्रतीची प्रत, तिची प्रत, असं करत
पश्चिम बर्लिनहून ट्रकच्या स्टेपनीत वुचला आलेली.
तिच्यात माणसांच्या कडा लोकरीसारख्या उसवलेल्या,
लाल रंग मोटारीतून सांडून रस्ताभर ओघळायचा
आणि पडद्याच्या तळाशी सतत बर्फ पडायचं,
खालून वर.

बोलणं मूळचं अमेरिकन म्हणे.
ते तिकडच्यांनी जर्मन केलं, आणि बाबांनी पोलिश.
एकट्यानं. नायक, खलनायक, खलनायकाची बाई,
हेलिकॉप्टरमधला वायरलेस,
सगळ्यांना एकच आवाज, गिरणीतून दमून आलेला.
भावना घालायच्या नाहीत, म्हणायचे,
त्या पडद्यावरच्यांच्या त्यांना असतात. आपण निरोप्या.
रात्री अकरानंतर लिफ्ट थांबली
की डोक्यावर घोंगडी घेऊन माइकपुढे बसायचे.
त्रेचाळिसाव्या मिनिटाला खोकतात.
गोळी लागलेला आधी मरतो, मग वाचवा म्हणतो,
कारण बाबांना पान उलटायचं असतं.
टाकी उडते तेव्हा शेजारच्या ग्राझिनाबाईंचं कुत्रं भुंकतं.
ते कुत्रं सिनेमातलंच, असं मी कितीतरी वर्षं धरून चालले होते.

आता हे.
गढूळ पाणी निवळावं आणि तळाचा चमचा दिसावा, तसं.
नायकाच्या हनुवटीवर वस्तऱ्याचा ओरखडा.
छपरावरून उडी घेणारा नायक नव्हेच,
कुणी दुसराच, पोट सुटलेला, घाईत टोप चढवलेला.
टिमोननं पाच स्पीकर मांडलेत.
गोळी कपाटामागून निघते, माझ्या डोक्यावरून खिडकीत जाते.
मी मान खाली घालते. तो हसतो.
काच फुटली तर तुकडा न् तुकडा वेगळा पडतो.
एवढं सगळं बाबांच्या आवाजाखाली दबून होतं तर.

आणि बर्फ नाही.
कणभरसुद्धा नाही.
गाव वाळवंटातलं. टळटळीत दुपार, पाघळलेलं डांबर,
नायकाची पाठ घामानं निथळतेय.

शेवटी पुलावर तो बाईकडे वळतो.
आमच्या प्रतीत म्हणायचा,
कोट घे, बाहेर बर्फ आहे.
हे वाक्य बोलेल असा माणूस मी तरुणपणी शोधत होते.
भेटला तो स्वतःचाच कोट विसरणारा.
असो.
इथं खाली अक्षरं उमटतात, स्वच्छ, पांढरी:
गाडीत बस, नाहीतर इथेच मर.

टिमोन विचारतो, आजोबांना जर्मन येत नव्हतं?
यायचं की, मी म्हणते. कामापुरतं.
पण त्या वर्षी आमच्या खिडक्यांना आतून हिव चढलेलं,
आणि काचेबाहेर बर्फ, काचेच्या पेटीतही बर्फ.
त्यांना दिसलं ते ते बोलले.

जरा मागे घे, टिमोन.
पाचही स्पीकर बंद कर. ती अक्षरंही काढ.
पूल येतो. ऊन मी म्हणतंय.
तो वळतो, ओठ हलतात, मिटतात.
मी थोडा उशीर करते,
पान उलटण्याइतका.