उघाडी

पहाटे पाचला बोट टोचतो.
यंत्र पाच सेकंद गप्प,
मग म्हणतं : एकशे शहाऐंशी.

रात्री नाचणीची एक भाकरी,
बांगड्याचं तिखलं, मुळ्याचा पाला.
साडेआठनंतर फक्त पाणी.

"रात्री उठान साठां खाल्लात?"
शेवंता डबा उघडून मोजते.
बारा होती. बारा हत.
तरी डबा कणगीमागे गेला.
बेचाळीस वर्षांत पहिल्यांदा
मी चोर ठरलो
आणि चोरी सापडत नव्हती.

आचऱ्याच्या दवाखान्यात नवी डॉक्टरीण, सोलापूरकडची.
केसपेपरच्या पाठीवर तिने काहीतरी काढलं,
बरगड्यांखाली, उजव्या अंगाला.
"आजोबा, साखर तुम्ही खात नाही, हे सोडतं. रात्रभर.
त्याला वाटतं, तुम्ही उपाशी आहात."
यकृत, म्हणाली. मला कळेना.
रांगेतला मुनाफ खाटीक ओरडला,
"अहो, काळीज! माझ्याकडनं पावशेर नेता ते!"

काळीज.
म्हणजे थोरला बोटीवर गेला तेव्हा
जे चर्र झालं
ते छातीत नव्हतंच.
खाली बसून कोठार राखत होतं.

मीही राखणदार. तीस वर्षं खाजणाची उघाडी राखली.
भरतीला फळ्या पाडायच्या, ओहोटीला उचलायच्या.
एका रात्री डोळा लागला,
खालच्या आवाटातली सात कुणगी खाऱ्याने करपली.
कुणी काही बोललं नाही.
बोलले असते तर बरं होतं.

याला मात्र झोप नाही.
घर जेवलं, चूल विझली,
हा निरोप याच्या कानी पडत नाही
आणि हा दुष्काळाच्या धास्तीने
वाटत सुटतो, वाटत सुटतो.

गोळी जेवणावर, सकाळ-संध्याकाळ.
पहिला आठवडा पोटात गुरगुर,
जिभेवर गंजक्या खिळ्याची चव.
गोळी साखर पुसत नाही,
जाऊन नुसती फळी धरते.
"पुरती बंद नाही करायची हं,"
डॉक्टरीण हसली,
"नाहीतर रात्री तुम्हीच बंद."

दोन महिने झाले.
आज एकशे एकेचाळीस.
शेवंताने डबा फडताळात परत ठेवला.
मी विचारलं नव्हतं.
"अकरा हत," ती म्हणाली,
"एक मियाच खाल्लंय."